छावणीतली सतरा मिनिटं

सतरा मिनिटं संपली आणि टाळ्या सुरू झाल्या. मी खुर्चीत ताठ झालो. नुसत्या टाळ्याच नव्हेत, शिट्ट्या होत्या, 'वन्स मोर' होतं, लांब कुठं तरी एक मुलगी किंचाळत होती. पाऊण मिनिट हे चाललं आणि मग हळूहळू बारीक होत गेलं. मी सीडी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा टाळ्या. एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात छावणीच्या, म्हणजे लष्कराच्या कँटोन्मेंटच्या, मैदानावर आम्ही हा तुकडा वाजवून संपवला तेव्हा टाळी वाजवायला समोर माणूस नव्हतं. हे मला कुणी सांगायला नको, बेस गिटार माझ्याच गळ्यात होती. समोर धूळ होती, एक उलटी पडलेली चप्पल होती, आणि कडेला टेबलावर अॅम्प्लिफायर मांडून बसलेला कारभारी नावाचा आमचा साऊंडवाला होता. त्यानं काही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या वेळी तो आमच्यापैकी कुणाकडं बघतसुद्धा नव्हता. मग ही हजार माणसं आली कुठून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळचे दहा वाजले होते, चहा निवून गेला होता, आणि दुपारी दोनच्या सुमाराला कारभारीची बायको आवडाबाई पिशोरहून एसटीनं माझ्या घरी येणार होती. फक्त ही सीडी ऐकायला.

आमच्या बँडचं नाव बेसाल्ट. इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये विश्वजितनं ठेवलेलं, दौलताबादचा किल्ला ज्या दगडावर उभा आहे तो दगड म्हणून. तो गायचा आणि लीड गिटार वाजवायचा. मी बेसवर. ड्रमवर फकिरा, छावणीतल्या लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरातला; त्याला इंग्रजी गाण्यातला एक शब्द कळत नसे आणि ठेका आमच्या दोघांपेक्षा जास्त कळत असे. चार वर्षं वाजवलं, मोडलं, विसरून गेलो. विश्वजित पुण्याला जाहिरातींच्या धंद्यात गेला, फकिरा नांदेडला मुलीकडं असतो आणि त्याला आता नीट ऐकू येत नाही, मी वाळूजच्या कारखान्यात लागलो तो अजून तिथंच आहे. आणि आता एकोणतीस वर्षांनी आम्ही एकदम 'मराठवाड्यातल्या रॉकचा हरवलेला अध्याय' झालो. तसं छापलंय. 'छावणी ८७', दोन सीड्यांचा संच, बरोबर लग्नपत्रिकेसारख्या गुळगुळीत कागदाची पुस्तिका. विश्वजितनं स्वतः प्रस्तावना लिहिली आहे. "दुष्काळाचं वर्ष. समोर हजारोंचा समुदाय. चौथ्या मिनिटानंतर कान देऊन ऐका. एक खोकला नाही, एक कुजबुज नाही. संगीतानं माणसांना तहान विसरायला लावली, तो हा क्षण." हे मी तीनदा वाचलं. तहान विसरायला लावली म्हणे. अरे गृहस्था, तहान लागली म्हणूनच ती माणसं उठून गेली. पाण्याला गेली. तू गात होतास म्हणून ती गप्प नव्हती, ती तिथं नव्हतीच.

मुळात आमच्यासाठी आलेली माणसं होती किती? कॉलेजची शंभरएक पोरं, बस. बाकीची दोन-तीनशे छावणीच्या बाजारातली, आणि ती आली होती टँकरसाठी. पाऊस दगा देत होता त्याला ते तिसरं वर्ष. टँकर दोन-तीन दिवसांनी यायचा, वेळेचा पत्ता नाही, आणि उभा राहायचा तो ह्याच मैदानाच्या टोकाला. विश्वजितनं मैदान मिळवताना हे कुणाला विचारलं नव्हतं. साडेपाचला आम्ही स्टेजवर चढलो तेव्हा समोर बाया घागरी मांडीशी घेऊन बसल्या होत्या, म्हातारे डब्यांवर बसले होते, आणि आम्ही आमच्या मनाशी म्हणालो, काय गर्दी जमलीय. मीही म्हणालो. खोटं कशाला बोला, माझी छाती फुगली होती. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्या गर्दीचा पाठमोरा फोटो आहे, आणि मी भिंग लावून बघितलं, खालचा भाग काळा करून टाकलाय. घागरी दिसू नयेत म्हणून. रॉकच्या कार्यक्रमाला घागर घेऊन आलेली बाई पुण्यात कुणाला दाखवणार?

मग तो लांबलचक तुकडा सुरू झाला. चौथं मिनिट. मी डोळे मिटून वाजवत होतो आणि एकदम विश्वजितचा आवाज गेला. त्याचे ओठ हलत होते आणि भोंग्यातून बोलत होता कारभारी. त्यानं माईक कापला होता. कारभारी अठ्ठावीसेक वर्षांचा, पिशोरचा, छावणीत एका खोलीत नवी बायको घेऊन राहिलेला, लग्नांना आणि गणपतीला भोंगे भाड्यानं देणारा. बोलायचं असलं की तो आधी माईकवर बोटानं दोनदा टकटक करायचा. तशी टकटक झाली आणि तो म्हणाला, "मंडळी, ट्यांकर आला. चौकीच्या मागं हुबा ऱ्हायला, इकडं येनार नाय. म्हाताऱ्या बायांना आधी घिऊ द्या. कुनी भांडू नका, सगळ्यांना पुरल." अगदी सावकाश, पंगतीत वाढायला सांगावं तसं. क्षणभर कुणी हललं नाही. मग घागरी एकमेकींवर आपटल्याचा असा आवाज झाला की फकिराचा ड्रम त्यात बुडून गेला. दोन मिनिटांत मैदान रिकामं. कॉलेजची पोरंही पळाली, होस्टेलला तरी कुठं पाणी होतं? विश्वजित टेबलाशी गेला आणि त्यानं कारभारीची कॉलर धरली. काय बोलला ते कॅसेटवर नाही, मला मात्र पाठ आहे आणि ते मी लिहिणार नाही. कारभारीनं कॉलर सोडवून घेतली, माईक चालू करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता म्हना." मी काय करत होतो? मी वाजवत होतो. मी थांबलो नाही आणि मधेही पडलो नाही. पुढची बारा-तेरा मिनिटं आम्ही रिकाम्या मैदानासमोर वाजवलं, रागानं, दात खाऊन, बोटाची कातडी जाईपर्यंत, आणि तसं आम्ही त्याआधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. म्हणजे त्या सतरा मिनिटांत जे काही चांगलं आहे ते कारभारीच्या त्या टकटकीनंतरचं आहे. ह्या रागाला त्यानं वाट करून दिली होती. पुस्तिकेच्या चोवीस पानांत त्याचं नाव कुठंही नाही. पुण्याच्या स्टुडिओत चहा देणाऱ्याचे आभार आहेत.

कॅसेटी त्याच्याच होत्या. प्रत्येक कार्यक्रम तो टेपवर घ्यायचा, उद्या कुणी भांडायला आलं की भोंगा चालू होता ह्याचा पुरावा म्हणून, आणि भांडण झालं नाही की त्याच फितीवर पुढचा कार्यक्रम भरायचा. दोन हजार चारमध्ये कावीळ होऊन तो गेला. गेल्या दिवाळीत, आपली रेकॉर्ड काढू म्हणून विश्वजितचा फोन आला तेव्हा मला त्या कॅसेटी आठवल्या आणि मी आपण होऊन पिशोरला गेलो. आपण होऊन. कुणी पाय धरले नव्हते माझे. आवडाबाईनं पत्र्याच्या पेटीतून त्या काढल्या, ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेल्या. मी म्हणालो, वहिनी, ह्यांची आता मोठी रेकॉर्ड निघणार. ती लगेच देईना. म्हणाली, "सगळ्या तालुक्यात ह्यो मानूस बोलला, भाऊ. शेकडो लग्नं बोलला. पन दुसऱ्याचंच भरून घेतलं, सोताचं कवा नाय. सोता बोलल्याली ही येकच हाय." घरातला टेप चालू होता तोवर ती वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला, तेवढाच भाग ऐकायची. मग त्या टेपनं एक भजनाची कॅसेट खाल्ली, फीत सगळी आत गुंडाळली गेली, आणि त्या दिवसापासून भीतीनं तिनं ही कॅसेट त्यात घातलीच नाही. सात वर्षं तिनं नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. मी तिला म्हणालो, पुण्याला मोठाली मशीनं आहेत, आवाज धुऊन काढतील, कायमचा राहील, आणि रेकॉर्ड आली की पहिल्यांदा तुम्हाला ऐकवीन. मोठ्या तोंडानं बोललो. तिनं ते कापड सोडून ठेवलं आणि कॅसेटी माझ्या हातात दिल्या.

तर सकाळभर मी कारभारीला शोधत होतो. दुसरी सीडी, तिसरा तुकडा, चौथं मिनिट. विश्वजित गातोय, गातोय, आणि एका श्वासात तो गाण्यातून थेट गिटारमध्ये गेला. ना टकटक, ना घागरी. इतकं सफाईनं जोडलंय की मी स्वतः तिथं नसतो तर मलाही पटलं असतं. मी पुण्याला फोन लावला. "श्री, अरे ऐकलंस का? अंगावर काटा आला की नाही?" विश्वजित म्हणाला. मी म्हणालो, टाळ्या कुठून आणल्यास? "असतात रे तयार. सगळेच टाकतात. लाईव्ह म्हणजे लोकांना टाळ्या हव्यात." मी म्हणालो, विशू, कारभारीचा आवाज कुठाय? तो गडबडला नाही. तो कधीच गडबडत नाही. "ती अनाउन्समेंट? ती तर तूच काढायला सांगितलीस." मी त्याला शिवी दिली. घरात बायको, पद्मजा, होती, शेजारचं दार उघडं होतं, तरी दिली. तो शांतपणे म्हणाला, "फीत कुजली होती, श्री. झडत होती. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, ही एकदाच वाजेल. म्हणून तुझी यादी समोर ठेवून जे नको होतं ते न वाजवता पुढं सरकवलं. सरकवताना तिथंच तुटली, चुरा झाला. बाकीचं वाचलं ते तुझ्या यादीमुळं. थांब, पाठवतो."

फोटो आला. माझं अक्षर. कारखान्याच्या तपासणीच्या फॉर्मसारख्या चार रकाने आखलेल्या तक्त्यावर, मिनिट, सेकंद, वर्णन, शेरा. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतोय. पट्ट्यावरून सुटे भाग येतात, मी बघतो, चालेल त्याला टिक, चालणार नाही त्याला लाल पेन्सिलनं आर. आर म्हणजे रिजेक्ट. पिशोरहून आणलेल्या कॅसेटी पुण्याला पाठवण्याआधी मी त्या घरी एकदा ऐकल्या होत्या, आणि विश्वजितनं मागितली म्हणून ही यादी केली होती. गुणगुण, आर. वाऱ्याचा आवाज, आर. कुत्रं, आर. चार मिनिटं दहा सेकंद, मध्येच बोलणे, आर. मध्येच बोलणे. मी त्याचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. म्हणजे तो आवाज माझ्या कानावर पडला होता, जगात शेवटचा माझ्याच कानावर पडला, आणि माझ्या हातानं त्याच्यापुढं लाल रेघ ओढली, आणि मी पुढच्या ओळीकडं गेलो. ही निव्वळ सवय होती, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण सवय होती की डूख होता? एकोणतीस वर्षं मनात कुठं तरी मी धरून बसलो होतो का, की ह्या माणसानं आमचा कार्यक्रम मोडला? विश्वजितनं निदान समोरासमोर कॉलर धरली होती. मी तेव्हा वाजवत राहिलो, आणि आता पेन्सिल फिरवली. मला विश्वजितवर चिडायचं होतं, अजूनही चिडायचं होतं, टाळ्यांबद्दल, घागरींबद्दल, त्या तहानेच्या वाक्याबद्दल तो सगळा राग खराच होता. पण तो आता कुठंही नेऊन ठेवला तरी फिरून माझ्याच दारात येत होता.

बारा वाजता पद्मजा हातात मोबाईल घेऊन आली. आमची वसाहत शहराला लागून असलेल्या सातारा गावातली, मागच्या दहा-बारा वर्षांत डोंगराच्या पायथ्याशी बांधलेली, पाच-पाच मजली सोळा इमारती आणि नळ एकालाही नाही. "टँकर आलाय खाली, मेसेज आलाय ग्रुपवर. मी टाकी बघून येते," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून थांबली. "काय झालं?" मी सगळं सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिनं अनेक वर्षं माझा संसार केला आहे, तिला मी कसा आहे ते माहीत आहे. "त्यांना काय सांगणार?" तिनं विचारलं. मी म्हणालो, पुण्याच्या लोकांनी कापलं म्हणून सांगतो. खोटं थोडंच आहे? कात्री त्यांनीच चालवली. पद्मजा उठून खाली गेली. जिन्यात तिची पावलं ऐकू येत होती आणि मी ते वाक्य तोंडात घोळवत होतो. पुण्याच्या लोकांनी कापलं, वहिनी. विश्वजितनं कापलं. तो आधीपासूनच तसला. वाक्य चांगलं बसत होतं. दर वेळी आणखी चांगलं बसत होतं, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

आवडाबाई अडीचला आली. सिल्लोडच्या रस्त्याला गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला म्हणाली. हिरवं इरकल, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी शेतातली मक्याची कणसं, पाणी नव्हतं तरी एवढी आली म्हणाली. पद्मजानं पाणी दिलं. तिनं अर्धा पेला पिऊन उरलेला झाकून ठेवायला सांगितला, जाताना पिते म्हणून. मग ती सीडी प्लेअरसमोर सतरंजीवर बसली, पाठ सरळ, तिथीला बसत असेल तशी. "लावा, भाऊ." मी सांगणार होतो. तोंड उघडलं आणि बोटानं बटण दाबलं. एवढा मी शूर. विश्वजित गायला लागला. तिचे डोळे मिटलेले. चौथं मिनिट आलं तशी ती किंचित पुढं झुकली. आणि ते मिनिट गेलं. पाचवं गेलं. ती तशीच झुकलेली. आमचं ते दात खाऊन वाजवणं सुरू झालं, ज्याला आता लोक फोन करून दाद देत आहेत, आणि ह्या बाईच्या समोर ते मला भांडी आपटल्यासारखं ऐकू यायला लागलं. मी बंद करावं, उठावं, काही तरी करावं, पण तिनं डोळे उघडले नव्हते. तिला वाटत असावं, पुढं असेल. दहावं मिनिट. चौदावं. शेवटी तुकडा संपला आणि त्या परक्या टाळ्या कोसळल्या. तेव्हा तिनं डोळे उघडून मला विचारलं, "ही कोन मानसं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मागनं चिकटवलीत."

"आन् त्ये?"

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. मी म्हणालो, "मी काढला वहिनी. मीच लिहून दिलं, हे नको म्हणून. आणि कॅसेट तिथंच तुटली. आता कुठंच नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "कामून?" एवढंच तिनं विचारलं.  कारखाना, लाल पेन्सिल, तक्ता, हे सगळं तिच्यापुढं कसं मांडायचं? मी म्हणालो, "चुकलं." ती म्हणाली, "बाया लायनीत हुत्या. त्येंनी बोलावलं म्हून माज्या घागरीला पानी मिळालं. मी पोटुशी हुते तवा. त्ये नको व्हय तुमाला?" आवाज चढलेला नव्हता, पण तो दुःखाचा नव्हता, संतापाचा होता. तिच्या पोरालाही त्याच्या बापाचा आवाज आता नीट आठवेनासा झालाय, असं ती म्हणाली. त्याला ऐकवायचा होता.

मला राहवलं नाही. मला काही तरी परत द्यायचं होतं, आत्ता, ह्या क्षणी. मी तिच्यासमोर सतरंजीवर बसलो. "वहिनी, मला सगळं आठवतं. शब्दन् शब्द. त्यांनी माईकवर टकटक केली, आणि असं म्हणाले बघा, मंडळी..."

"नगं," आवडाबाई म्हणाली. "तुमी बोलू नका, भाऊ. शबुद मलाबी पाठ हाईत. तुमच्या आवाजात ऐकलं म्हंजी माज्या कानात ऱ्हायलाय त्योबी जाईल." आणि तिनं दोन्ही कानांवरून पदर घट्ट ओढून घेतला.